चावी जरा बाहेर ओढून

गाडीचं लॉक एका दिवसात खराब होत नाही, हीच त्याची लबाडी. टायर फुटला की शेजारच्या वस्तीवर ऐकू जातं. क्लच जळला की मागून येणाऱ्यालाही वास येतो. लॉक मात्र महिन्याला केसभर झिजतं आणि मालक त्याच्याशी केसभर जुळवून घेतो. आधी चावी एकदा हलवावी लागते. पुढच्या पावसाळ्यात हलवून जरा दाबावी लागते. मग हलवून, दाबून, थोडं थांबून. शेवटी गाडी सुरू करणं ही कला होते आणि ती कला जगात एकाच माणसाला येते. त्या माणसाला गाडी बिघडली आहे असं वाटतच नाही. त्याला आपला हात तयार झाला आहे असं वाटतं.

आमचे चुलतभाऊ अण्णा हे असे तयार हाताचे गृहस्थ. जुन्नर तालुक्यात शेती, टोमॅटो, थोडा कांदा आणि एक जुनी पिकअप. पिकअप कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीने लॉक चावीसाठी बनवलं होतं आणि अण्णांनी त्याला संसार टांगला. त्या जुडग्यात घराच्या कुलपाची चावी होती, कांदाचाळीची होती, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीची होती, डिझेल टाकीच्या झाकणाची होती, दोन मोटरसायकलींच्या होत्या (त्यांतली एक मोटरसायकल विकून झाली होती). एक चावी कशाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती काढून टाकायची कोणाची हिंमत नव्हती. शिवाय नेलकटर, ओझरच्या विघ्नहराचं पितळी लॉकेट आणि बियाण्याच्या कंपनीने भेट दिलेला बाटल्या उघडायचा ओपनर. अण्णा माळकरी आहेत. ओपनर फुकट आला होता एवढंच.

हा ऐवज चावीच्या टोकाला लोंबत असे आणि वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला झोके घेत असे. लॉकच्या पोटात पितळेच्या पातळ पत्त्या असतात, प्रत्येक पत्ती आपापल्या बारीक स्प्रिंगवर बसलेली. चावी नसेल तेव्हा या पत्त्या बाहेर डोकावतात आणि सिलिंडरला फिरू देत नाहीत. बरोबर चावी आत गेली की तिच्या दात्यांवर चढून सगळ्या एका पातळीत येतात, मग सिलिंडर फिरतो. जुडगा वर्षानुवर्षं झुलला की चावीचे दाते गोल होतात, पत्त्यांच्या कडा बोथट होतात आणि कोणी कोणाला ओळखेनासं होतं. अण्णांच्या लॉकने त्यात दोन्ही टोकं गाठली होती. चहाच्या चमच्याच्या दांड्याने ते एकदा फिरलं होतं, आणि स्वतःच्या चावीने फिरत नव्हतं.

जुडग्याच्या वजनाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला याच भानगडीपायी सुमारे २६ लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. चावीला ‘चालू’वर धरून ठेवणारा स्विचमधला एक चिमुकला स्प्रिंगचा खुंट कमी जोराचा निघाला. जड जुडगा असला किंवा गाडी आदळली की चावी मागे सरकायची, धावत्या गाडीचं इंजिन बंद व्हायचं आणि त्याबरोबर एअरबॅगही. कंपनीच्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सूचना एवढीच होती, की चावी एकटी ठेवा, तिला काही अडकवू नका. मी हे सगळं अण्णांना गंभीरपणे सांगितलं. अण्णांनी तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याला एअरबॅग हायत कुठं?”

पिकअप सुरू करायची त्यांची पद्धत अशी. चावी पूर्ण आत घालायची, मग तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ओढायची. डाव्या हाताने स्टेअरिंग जरा स्वतःकडे उचलायचं. चावी उजवीकडे न्यायची, पण लगेच नाही. आधी किंचित डावीकडे नेऊन तिची समजूत काढायची. हीटरचा दिवा लागून विझेपर्यंत श्वास रोखायचा, मग एका दमात सेल्फ मारायचा आणि इंजिन लागताच चावी हाताने मागे आणायची, कारण ती आपणहून मागे येत नसे. न आणली तर सेल्फ इंजिनाच्या मागे फरफटत राहतो आणि जळतो. ही शेवटची पायरी अण्णा कोणाला सांगायचे आणि कोणाला सांगायचे नाहीत, यावरून त्या माणसाचं घरातलं स्थान कळत असे.

या कलेचे फायदे फार होते. पिकअप दारात असलेला माणूस हा भावकीचा सार्वजनिक मालमत्ता विभाग असतो. लग्नाचं सामान, बैलपोळ्याचा बैल, कोणाच्या मुलीचं फ्रिज-कपाट सासरी, कोणाची म्हातारी दवाखान्यात, सगळं त्याच्या दारावरून जातं. लॉक नवं होतं तेव्हा अण्णांची गाडी अण्णांपेक्षा इतरांनीच जास्त चालवली. जसजसं लॉक झिजत गेलं तसतशी मागणी आटली. “ने की, गाडी तुझीच आहे,” असं म्हणून अण्णा मोठ्या मनाने चावी पुढे करायचे. मागणारा गाडीत बसून थोडा वेळ चावीशी झटायचा आणि घामाघूम होऊन परत आणून द्यायचा. अण्णांना कधी नाही म्हणावं लागलं नाही. नाही म्हणायचं काम लॉक करत होतं.

एक करामत तर पाहुण्यांना मुद्दाम दाखवली जायची. पत्त्या इतक्या झिजल्या होत्या, की इंजिन चालू असताना चावी सरळ बाहेर निघायची. अण्णा गाडी चालू ठेवून, चावी बंडीच्या खिशात टाकून चहाच्या टपरीवर जात. नवखा माणूस कधी त्यांच्या खिशाकडे बघायचा, कधी धुराड्याकडे.

आता या जुन्या डिझेलच्या गाडीला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. चावीचं मुख्य काम पंपावरच्या सोलेनॉइडला वीज देऊन डिझेलची वाट उघडी ठेवायचं. म्हणजे लॉकच्या मागे जो विजेचा स्विच असतो तो सैल झाला की खड्ड्यागणिक डिझेलची वाट मिटते-उघडते आणि गाडी उचक्या देत चालते. याच्या उलट त्याची पट्टी आत चिकटून बसली तर चावी काढली तरी इंजिन ढिम्म थांबत नाही. हाही अनुभव अण्णांनी घेतला होता. तेव्हा ते ब्रेक दाबून, टॉप गिअर टाकून क्लच सोडायचे आणि गाडी मारून बंद करायचे. चुलते सांगायचे, की त्यांच्या काळी जीपला पुढून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं की मनगट जायचं. त्या हँडलवर उतारा म्हणून विजेचा सेल्फ निघाला. चार्ल्स केटरिंगचा सेल्फ कॅडिलॅकने १९१२ साली बसवला, आणि नुसती चावी फिरवून इंजिन लागण्याची सोय क्रायस्लरने १९४९ साली दिली. एवढ्या थोर माणसांनी मनगटाचे कष्ट वाचवले आणि अण्णांनी ते जिद्दीने परत आणले.

हे राज्य असंच चाललं असतं. पण टोमॅटोच्या हंगामात, नारायणगावच्या उपबाजारात, क्रेट भरलेल्या पिकअपांच्या रांगेत ऐन मध्यावर अण्णांची चावी अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि क्रेटमधला माल उन्हात.

बंद पडलेल्या गाडीभोवती जमणाऱ्या लोकांबद्दल माझं एक निरीक्षण आहे. माणूस दुसऱ्याच्या गाडीचं निदान स्वतःच्या शेवटच्या बिलावरून करतो. ज्याने नुकतीच बॅटरी घेतली तो म्हणाला बॅटरी गेली. ज्याचा सेल्फ भरून आणला होता तो म्हणाला सेल्फ. एकाने “अर्थिंग” असं म्हटलं आणि त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण अर्थिंगला नाही म्हणण्याइतकी माहिती कोणाकडेच नसते. एका तरुणाने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम असल्याचं सांगितलं. या गाडीत बुद्धीचं एकमेव यंत्र म्हणजे अण्णा, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

मग धक्का मारायचं ठरलं. आपल्याकडे धक्का मारायला माणसं मागवावी लागत नाहीत, थांबवावी लागतात. पण चावी फिरली आहे का, हे विचारायची पद्धत नाही. चावी न फिरल्याने स्टेअरिंग लॉक होतं, गाडीला वळायची मुभा नव्हती, आणि दहा जणांच्या प्रामाणिक जोराने ती सरळ पुढे जाऊन एका रचून ठेवलेल्या क्रेटच्या थप्पीला टेकली. नुकसान दोन क्रेटचं. त्यावरून जे संभाषण झालं ते इथे देण्यासारखं नाही.

अखेर वायरमन आला. त्याच्या हातात मल्टिमीटर नव्हता. होल्डरमध्ये एक बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला सुई. अण्णांनी त्याला आपली पद्धत समजावायला सुरुवात केली. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. पुढचं चाक थप्पीच्या दाबाने तिरकं होऊन त्याचा ताण स्टेअरिंगच्या खिट्टीवर आला होता. त्याने स्टेअरिंग हलकेच डावी-उजवी करत चावी फिरवली आणि ती फिरली. सेल्फ मात्र मुका. मग त्याने हेडलाइट लावायला सांगितला आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. हेडलाइट जराही मंद झाला नाही.

ही साधी परीक्षा प्रत्येक गाडीवाल्याने शिकून ठेवावी. सेल्फ मारताना दिवा पार मिणमिणला तर बॅटरीकडे किंवा तिच्या टर्मिनलकडे बघायचं. दिवा ठणठणीत राहिला आणि सेल्फने टक्‌सुद्धा केलं नाही, तर वीज आहे पण सेल्फपर्यंत पोचत नाही. वाटेत कोणीतरी अडवतंय. वायरमन गाडीखाली सरकला, सेल्फच्या सोलेनॉइडला येणाऱ्या बारक्या वायरीवर सुई टेकवली आणि वर चावी फिरवायला सांगितलं. बल्ब लागला नाही. चावी जरा वर दाबून फिरवली, लागला. सोडली, विझला. बघ्यांतले सगळे बॅटरीवाले आणि सेल्फवाले एकदम गप्प झाले.

वायरमन बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “बॅटरी बरी हाय. सेल्फ बरा हाय. लॉक गेलंय, आन् मागचा स्विचबी.”

“कधी गेलं?” अण्णांनी विचारलं.

“लय दिस झालं. तुमी सुतक पाळलं नाय.”

तेवढ्यात कोणीतरी सुचवलं, की डॅशबोर्डखाली एक बटण मारून द्या, लॉकची कटकटच नको. अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. काहींना तर घराच्या बेलचं बटण असतं आणि ते दाबताना दार कोण उघडेल असं वाटतं. अण्णांचे डोळे चमकले. पण वायरमन तत्त्वाचा निघाला. सोलेनॉइड जेवढा करंट ओढतो तो बेलच्या बटणाला झेपत नाही, मध्ये रिले लागतो. आणि बटणाने सेल्फ लागेल, पण स्टेअरिंगची खिट्टी काही उघडणार नाही. त्याने त्या दिवसापुरती गाडी डायरेक्ट करून दिली, नवीन लॉक आणा म्हणाला, आणि जाताना जुडगा तळहातावर तोलून बघितला. बोलला काही नाही.

लॉक आणायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकाला नाना पेठेतले सुटे भाग आणावे लागतात. त्याच्या शिक्षणाचा गावाला तेवढाच उपयोग आहे. दुकानदाराने विचारलं, “नमुना?” मी फोनमधला फोटो दाखवला. त्याने फोटोकडे अशा नजरेने पाहिलं, की मी वधूच्या जागी तिची पत्रिका घेऊन मांडवात आलो आहे. मागच्या कपलरला किती पिना, सिलिंडर किती लांब, गाडीचं साल कोणतं, सगळं विचारून झाल्यावर त्याने काउंटरवर तीन डबे मांडले. पहिला ओरिजिनल. दुसरा “ओरिजिनलच समजा”. तिसऱ्याबद्दल तो काही बोलला नाही, नुसती किंमत सांगितली.

इथे एक गोष्ट समजली, ती आधी कळली तर वाचकाचे पैसे वाचतील. लॉक आणि स्विच या दोन वेगळ्या वस्तू असतात. चावी जिथे जाते ते लॉक, आणि त्याच्या पाठीमागे दोन स्क्रूंवर बसलेला स्विच. चावी लोण्यासारखी फिरते आणि तरी काही होत नाही, तर बहुतेक वेळा नुसता स्विच गेलेला असतो आणि तो स्वस्तात येतो. चावी अडते, झिजते, बाहेर येते, तर दोष लॉकचा. आणि दोन्हींच्या आधी करायची फुकटची तपासणी म्हणजे कपाटातली न वापरलेली दुसरी चावी लावून बघणं. तिने लॉक सुरळीत फिरलं तर झिजली आहे ती फक्त चावी. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढू नये; चावीवाला दात्यांबरोबर झीजही इमानाने उतरवून देतो. अण्णांनी डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढली होती. चौथ्या पिढीपर्यंत घराण्यात दातच राहिले नव्हते.

अंगणात काम सुरू झालं. वायरमनने पहिल्यांदा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. बाकी कशाची घाई केली तरी एवढा नेम तो मोडत नाही. मग स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर. त्याला पाच स्क्रूंची भोकं होती, त्यांत तीन स्क्रू होते, आणि तिन्ही वेगवेगळ्या गावचे. कव्हर निघताच आतून उदबत्तीची राख सांडली. डॅशबोर्डवर देवापुढे रोज उदबत्ती लागायची, राख थेट लॉकच्या तोंडावर पडायची, आणि लॉक घट्ट झालं की अण्णा त्यात खोबरेल सोडायचे. तेल, राख आणि रस्त्याची धूळ यांचं आत उत्तम लिंपण झालं होतं. लॉकमध्ये तेल कधी घालू नये, ते धूळ धरून ठेवतं. मुलांच्या पेन्सिलीचं शिसं चावीवर घासून चावी चारदा आत-बाहेर केली तर पुरतं. हे ऐकून अण्णांनी नातवाच्या दप्तराकडे पाहिलं, पण आता त्याची वेळ गेली होती.

लॉकची चौकट स्टेअरिंगच्या दांड्याला दोन बोल्टांनी बांधलेली असते आणि त्या बोल्टांना डोकंच नसतं. कारखान्यात ते आवळतानाच डोकं तुटून पडेल अशी योजना असते, म्हणजे चोराला पान्हा लावायला जागा राहत नाही. मालकालाही राहत नाही. मग छिन्नी लावून कडेकडेने ठोकत बोल्ट उलटा फिरवायचा, नाहीतर ड्रिल मारायचं. दुपारभर अंगणातून छिन्नी-हातोडीचा आवाज येत होता. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही आत चोरी चालली आहे असं वाटलं असतं. वाटतही होतं, कारण दोघंतिघं मदतीला आले.

जुन्या स्विचच्या पाठीवर ३०, १५ आणि ५० असे आकडे होते. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, १५ म्हणजे चावी ‘चालू’वर असताना वीज मिळणारी, ५० म्हणजे सेल्फची. हे जर्मन मानकातले आकडे वायरमनला पाढ्यांपेक्षा पाठ होते. ३०च्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. सैल सांध्यातून जास्त वीज गेली की तिथे उष्णता होते, उष्णतेने सांधा आणखी सैल होतो. वायरमनने कपलरही बदलला, आणि तो बदलायचा होता असं अण्णांना बिल देताना सांगितलं.

नवीन लॉक बसलं. दोन बोटांनी चावी फिरली, आपोआप मागे आली, इंजिन लागलं. वहिनी दारातून म्हणाल्या, “एवढंच होतं होय?” अण्णा काही बोलले नाहीत.

आता त्यांच्याकडे पिकअपच्या दोन चाव्या आहेत, कारण अख्खा लॉकसेट न घेता फक्त स्टेअरिंगचं लॉक घेतलं. दारं जुन्याच चावीने उघडतात. सेल्फची चावी एकटी असते, हे वायरमनने बजावलं आहे. उरलेला जुडगा त्यांनी गिअरच्या दांड्याला बांधला. अण्णांचा हात मात्र अजून जुनाच आहे. ते चावी दाण्याएवढी बाहेर ओढतात, स्टेअरिंग उचलतात, समजूत काढतात. तोवर इंजिन केव्हाच लागलेलं असतं आणि हे आणखी एकदा सेल्फ मारतात. त्या खरखराटाने वस्तीला अण्णा निघाल्याचं कळतं.

अर्थात तो आवाज हल्ली क्वचितच ऐकू येतो. पुतण्याने पहिल्याच झटक्यात गाडी सुरू केली ही बातमी भावकीत पसरली, आणि तेव्हापासून पिकअप एका साखरपुड्याला, दोन दवाखान्यांना, एका म्हशीला आणि कोणाच्या तरी शेवयांच्या यंत्राला जाऊन आली आहे. डिझेल कोणी टाकलं नाही. तेव्हा ज्यांच्या गाडीचं लॉक अजून थोडाफार हट्ट करतं त्यांना एकच सांगणं आहे. ते जरूर बदला, धोक्याचं असतं. पण नाना पेठेत जाण्याआधी घरी बसून गाडी मागणाऱ्या नातेवाइकांची यादी तेवढी करून घ्या.